उन्हाळी, पांढरं जाणं आणि ओपीडीतली सिस्टर

केसपेपरवर लिहिलेलं असतं, ‘कंबरदुखी, चक्कर, अशक्तपणा’. डॉक्टर मॅडमसमोर बाई तेवढंच बोलते. बाहेर बाकांवर अजून साठ-सत्तर जणी बसलेल्या असतात. मॅडम लोहाच्या गोळ्या लिहितात, रक्त तपासायला सांगतात, पुढचा नंबर पुकारला जातो. बाई उठते, दारापर्यंत जाते आणि तिथं बीपी मोजत बसलेल्या सिस्टरच्या कानाशी वाकून म्हणते, “सिस्टर, एक सांगू का जी? अंगावरून पांढरं जाते. खाज तर अशी सुटते का रात्रभर झोप नाही.”

मी नागपुरात तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी बाह्यरुग्ण विभागात गेली. खरी तक्रार दाराशी येऊन सांगणाऱ्या बायका मला रोज भेटल्या. त्यांना परत आत पाठवलं तर निम्म्या जात नाहीत. “राहू द्या, पुन्हा येईन” म्हणतात आणि घरी जाताना औषधांच्या दुकानात थांबतात.

मग जिला ही तक्रार सांगितली जाते, तिलाच ती तपासता आणि बरी करता आली तर? अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे अनेक दशकं चालू आहे. अशा नर्सला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. ती काय करू शकते आणि कुठं थांबते हे कळायला आधी हे आजार नीट कळायला हवेत. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

उन्हाळी म्हणजे काय

लघवीला जळजळ होणं, थेंब-थेंब होणं, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं, याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि ओपीडीत या तक्रारी वाढतात, म्हणजे शब्द अगदी वाऱ्यावरचा नाही. मात्र आग लावतात ते जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय. हे जंतू आपल्याच आतड्यात राहतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, आणि त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. पुरुषाचा मार्ग याच्या कितीतरी पट लांब असतो. त्यामुळे तिकडचा जंतू इकडे येऊन मूत्राशयात चढायला बाईच्या शरीरात फार अंतर कापावं लागत नाही. यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यांत हा त्रास झालेल्या मुली मान खाली घालून येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. शरीरसंबंधात जंतू पुढे ढकलले जातात, एवढंच त्याचं कारण.

मग उन्हाचा हात कुठं? पाणी कमी पोटात गेलं आणि घामावाटे जास्त निघालं की लघवी कमी होते. मूत्राशय वरचेवर धुतलं गेलं नाही की जंतूंना तिथं तळ ठोकायला वेळ मिळतो. शिवाय आपल्याकडे बायका ठरवून पाणी पीत नाहीत. कॉटन मार्केटात पहाटेपासून भाजी घेऊन बसणारी, हिंगण्याच्या एमआयडीसीत उभ्यानं काम करणारी, दिवसभर बसस्थानकावर ड्यूटी असणारी, प्रत्येकीचं गणित एकच: बाथरूम नाही, म्हणून पाणी नाही. २०१८ मध्ये एक नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या. अर्ध्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. आजी धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक पाजायच्या ते वाया जात नव्हतं. निदान तेवढं पाणी तरी पोटात जायचं.

पण जंतू मूत्राशयातून वर किडनीकडे निघाले की सब्जा पुरत नाही. थंडी वाजून ताप येणं, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या होणं ही त्याची खूण, आणि तिथं त्याच दिवशी डॉक्टर हवा.

आपल्या विदर्भात याला अजून एक बाजू आहे. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, इथं अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग आणि शरीरातलं पाणी कमी होणं, दोन्हीमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि या आजारात किडनीही आधीच नाजूक असते. अशा बाईची उन्हाळी साधी समजायची नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या नर्सच्या प्रश्नांत “सिकल तपासलं का?” हा प्रश्न असायलाच हवा. परदेशातली प्रश्नावली जशीच्या तशी उचलली तर नेमका हाच प्रश्न राहून जाईल.

तपासणी अवघड नाही. लघवीची पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. त्यात पट्टी बुडवायची. नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचे चौकोन रंग बदलतात का ते दोन मिनिटांत दिसतं. गरोदर बाई, मधुमेही, वारंवार त्रास होणारी किंवा औषधानं उतार न पडलेली असेल तर लघवी कल्चरला पाठवायची, म्हणजे कोणते जंतू वाढतात आणि कोणत्या औषधाला दाद देतात ते कळतं. कल्चरची डबी उन्हात तीन तास पिशवीत फिरली तर रिपोर्टला अर्थ उरत नाही. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

औषधातही निवड महत्त्वाची. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा एक डोस, ही आज पहिली पसंती आहे, कारण आपल्या देशातले ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांना मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत. दुकानातून आणलेल्या त्याच गोळ्यांनी “दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा चालू झालं” असं बायका सांगतात, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

पांढरं जाणं: आधी रोग आहे का ते बघा

पहिली गोष्ट, योनीतून थोडा स्राव होणं हे शरीराचं रोजचं काम आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पातळ आणि बुळबुळीत होतो, गरोदरपणात वाढतो. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात. दह्याचं विरजण जसं दुधाला आंबट करून बाकीच्या जंतूंना थारा देत नाही, तसंच हे काम. साबणानं, अँटिसेप्टिकनं आतून धुतलं की हे विरजणच मरतं, आणि ज्या वासासाठी धुतलं तो वास आणखी वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

‘पांढरं गेल्यानं हाडं झिजतात’ ही समजूत मात्र काही केल्या जात नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासात पाहिलं, की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या त्रासाशी जास्त दिसतो. तक्रार खोटी असते असं मी म्हणत नाही. बाईला दुखतं आहे, आणि ते सांगायला तिच्याकडे हाच एक परवानगी असलेला शब्द आहे. इथं गोळी लिहिण्याआधी “घरी सगळं बरं आहे ना, ताई?” असं विचारून उत्तर ऐकायला पाच मिनिटं थांबणारं माणूस लागतं.

संसर्ग असेल तर तो बहुधा तिघांपैकी एक असतो. पहिला कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. फाटलेल्या दुधासारखा दाट पांढरा स्राव, वास नाही, पण खाज आणि लाली भयंकर. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा होतो. सारखा होत असेल तर साखर तपासा. आणि मधुमेह आधीच असेल तर गोळ्यांचं पाकीट बघायला मागा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. या गोळ्या आता आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. गोळी मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांना हे सांगायचं.

दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. नाव अवघड आहे, घटना सोपी: चांगले जंतू कमी झाले आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांची गर्दी झाली. पातळ, राखाडी स्राव आणि सुकलेल्या मासळीसारखा वास, जो संबंधानंतर वाढतो. खाज फारशी नसते. तिसरा ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी. पिवळसर-हिरवट, फेसाळ स्राव आणि जळजळ. हा लैंगिक संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही औषध दिल्याशिवाय उपयोग नाही. त्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही आणि तो म्हणतो, “मले काय झालं?”

व्हजायनोसिसमध्ये नवऱ्याला औषध देऊन फायदा नाही असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं तेव्हा तीन महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ३५ टक्के राहिलं, फक्त बाईलाच औषध दिलं तेव्हा ६३ टक्के. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी जुनंच पाठ करून पास झाल्या आहेत. त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

हे तिन्ही ओळखायला काय लागतं? एक स्पेक्युलम (योनी उघडी धरून आत बघायचं साधन), पीएचची पट्टी, केओएच नावाच्या द्रावणाची बाटली, सलाइनचा थेंब, काच आणि सूक्ष्मदर्शक. पीएच साडेचारच्या खाली आणि दाट स्राव असेल तर कॅन्डिडाकडे कल. पीएच वर आणि केओएचचा थेंब टाकताच मासळीचा वास आला तर व्हजायनोसिसकडे. १९८३ पासून ॲम्सेलचे निकष म्हणून वापरतात ते हेच: पातळ एकसारखा स्राव, वाढलेला पीएच, तो वास आणि काचेवर जंतूंनी माखलेल्या पेशी, या चारांपैकी तीन मिळाले की निदान. ट्रायकोमोनास काचेवर वळवळताना दिसतो, पण दहा-वीस मिनिटांत त्याची हालचाल मंदावते. स्लाइड तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पाठवून जेवणाच्या सुट्टीनंतर बघितली तर तो सापडत नाही. तपासणीच्या टेबलाशेजारी सूक्ष्मदर्शक हवा असा मी कायम आग्रह धरला तो यासाठी. माझ्या नोकरीतल्या एका दवाखान्यात तो कुलूपबंद कपाटात होता, कारण यादीतली वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार. वर्षानुवर्षं तिथं बायकांना अंदाजानं गोळ्या दिल्या गेल्या. त्यात मीही होते.

अजून शरीरसंबंध न आलेल्या मुलीला स्पेक्युलम लावायचा नसतो. तिला पडद्याआड कापूसकाडी देऊन स्वतःच स्राव घ्यायला सांगता येतं, आणि बहुतेक तपासण्यांना तो नमुना चालतो. आई सोबत असली तरी मुलीशी दोन मिनिटं एकटीशी बोलायचं. आणि पाळी थांबलेल्या बायकांची जळजळ कित्येकदा संसर्गाची नसतेच. इस्ट्रोजेन कमी झाल्यानं त्वचा कोरडी पडलेली असते. त्यांना अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स देण्यात काही अर्थ नसतो.

नर्स प्रॅक्टिशनर कोण

१९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांसाठी तो होता. पुढे तो कुटुंब, स्त्रिया, वृद्ध असा वाढत गेला. आज तिथली नर्स प्रॅक्टिशनर पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्ण तपासते, निदान करते, चाचण्या सांगते आणि औषध लिहिते. किती स्वतंत्रपणे, ते राज्यागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना २००६ पासून जवळजवळ सगळी औषधं लिहिता येतात. इंग्लंडमध्ये तर जानेवारी २०२४ पासून साध्या उन्हाळीसाठी १६ ते ६४ वयाच्या बायका थेट फार्मासिस्टकडे जाऊ शकतात. तो ठरलेले प्रश्न विचारतो आणि निकषात बसलं तरच औषध देतो.

डॉक्टरऐवजी नर्सनं बघितलं तर रुग्णाचं नुकसान होतं का? जगभरातले वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा अठरा प्रयोगांची एकत्र तपासणी झाली. प्राथमिक उपचारांत नर्सकडून मिळणारे परिणाम डॉक्टरांइतकेच किंवा थोडे बरे असावेत, रुग्ण जास्त समाधानी असतात, आणि नर्स प्रत्येकीला जास्त वेळ देते, असं त्यात दिसलं. पण अठरापैकी एक सोडून सगळे प्रयोग श्रीमंत देशांतले होते. हे लपवून मी बाजू मांडणार नाही.

आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर हे नाव आहे, पण वेगळ्या कामासाठी. एक दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. दुसरा दीड वर्षाचा, नैसर्गिक बाळंतपण सांभाळणाऱ्या मिडवाइफसाठी, जो २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतून आला. ओपीडीत पांढरं जाणं आणि उन्हाळी बघणारी नर्स प्रॅक्टिशनर या दोन्हीत बसत नाही. तिच्या सगळ्यात जवळ येतो तो उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, ज्याला सगळे सीएचओ म्हणतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवल्या जाणाऱ्या केंद्रांत हे काम करतात. कुणी नर्सिंग केलेलं, कुणी बीएएमएस, वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स. ठरवून दिलेल्या औषधांपलीकडे काही लागलं तर वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारायचं किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टर जोडून घ्यायचा. कामठी किंवा काटोलकडच्या उपकेंद्रातली सीएचओ मुलगी गावातल्या बाईच्या किती जवळ असते ते आशाताईंना विचारा. पण तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक सहसा नसतो, आणि सहा महिन्यांत स्पेक्युलमचा हात बसत नाही. माझ्या मते अडचण अधिकारांइतकीच सरावाची आहे.

तपासणीची सोय नसेल तर काय, याचं उत्तर सरकारी कार्यक्रमात आहे. लक्षणांवरून गट ठरवायचा आणि त्या गटाचं रंगाचं किट द्यायचं. योनीच्या संसर्गासाठी हिरवं किट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे मोफत मिळत आलं आहे, आणि पाटीवर गुप्तरोग लिहिलेलं नसल्यानं बाईला तिथं जाताना थोडं कमी अवघड जातं. ही पद्धत जिथं काहीच नाही तिथं फार उपयोगाची. पण हिरवं किट एकाच वेळी तिन्ही आजारांवर मारा करतं, म्हणजे दोन गोळ्यांपैकी एक बहुधा विनाकारण जाते. आणि ते गरोदर बाईला तसंच देता येत नाही, कारण तोंडानं घेण्याचं फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळतात. तिथं सात दिवस योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या वापरतात. म्हणून पहिला प्रश्न कायम तोच: “शेवटची पाळी कधी आली?”

औषधांच्या दुकानात मिळणारं चार गोळ्यांचं पाकीट हे याच किटचं बेवारस भावंड. त्यात अजून अझिथ्रोमायसिनही असतं. पाळी विचारली जात नाही, ताप विचारला जात नाही. खाजेसाठी मिळणाऱ्या मलमात कित्येकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम पडतो आणि बुरशी आतून पसरते. नर्सला अधिकार दिले तर अँटिबायोटिकचा गैरवापर वाढेल, अशी भीती काही डॉक्टरांना वाटते. भीती रास्त आहे, लिखित नियमावलीशिवाय आणि नोंदीशिवाय ते अधिकार देऊही नयेत. पण आज बाईच्या समोरचा दुसरा पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञ नसून हे पाकीट आहे. तुलना त्याच्याशी करायला हवी.

गडचिरोलीचं ऋण

ज्यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतलं त्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५५ टक्के बायकांनी काहीतरी तक्रार सांगितली होती. तपासणीत ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि सापडलेल्या आजारांत जवळपास निम्मे संसर्ग होते. याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. गरोदरपणापलीकडे बाईला आरोग्य असतं, हे जगाला या दोन गावांनी सांगितलं. मी शिकवायला लागले तेव्हा हे आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारायची, की उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांना आजपर्यंत कुणी का बघितलं नाही? एका विद्यार्थिनीनं दिलेलं उत्तर अजून लक्षात आहे: “मॅडम, टेबलावर झोपवायला पडदा नसते.”

पडदा, दार, आणि तपासणारी बाई. तपासताना “आता थंड लागेल”, “दुखलं तर सांगा, थांबते” असं बोलणारी. यातलं काही महाग नाही. आणि स्पेक्युलम एकदा लावला की त्याच वेळी गर्भाशयाचं मुखही दिसतं. तिशीपुढच्या बाईला तिथं व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का हे बघणं, म्हणजे व्हीआयए तपासणी, नर्सला करता येते आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करायची आहे. खाजेसाठी आलेल्या बाईचा कर्करोगाआधीचा बदल असा सापडू शकतो. दुकानातल्या काउंटरवर तो कधीच सापडणार नाही.

कुठं थांबायचं, हे मी मुलींना आधी शिकवायची, औषधं नंतर. थंडी-ताप आणि पाठीत दुखणं. ओटीपोटात दुखतंय आणि पाळी चुकली आहे, तर गर्भ नळीत राहिला असेल, एक तासही घालवू नका. आत तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवलं की बाई कळवळते, ताप आहे, नुकतीच तांबी बसवली आहे, तर संसर्ग वर नळ्यांपर्यंत गेला असेल. तो राहिला तर पुढे मूल होण्यात अडथळा येतो. जखम, फोड, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त, रक्ताळलेला दुर्गंधी स्राव. तीन दिवसांत उतार नाही. हे सगळं डॉक्टरकडे, आणि चिठ्ठीवर नुसतं ‘रेफर’ नको. काय पाहिलं, कोणती गोळी कधी दिली, तेही लिहायचं. डागा किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या गर्दीत ती चिठ्ठीच बाईच्या वतीनं बोलते. विभागात “अंगावरून जातंय” एवढं ऐकून कुणी रक्तस्राव समजतं, कुणी पांढरं. म्हणून रंग लिहायचा, वास लिहायचा, किती दिवस ते लिहायचं.

सुरुवातीच्या त्या बाईचं सांगते. त्या दिवशी मॅडमना विचारून तिला पडद्याआड घेतलं. पीएच चार. दाट, दह्यासारखं. पाळी आठ दिवसांपूर्वीच येऊन गेलेली. काचेवर बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. बोटाला टोचून साखर बघितली, ती दोनशे चाळीस निघाली, आणि हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. औषध मॅडमनी लिहिलं, साखरेसाठी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. आठवड्यानं ती आली तेव्हा खाज गेली होती. जाताना पुन्हा दाराशी थांबली.

“सिस्टर, माझ्या जावेलेही असंच होते. तेच एक गोळी द्या नं, तिच्यासाठी नेतो.”

“तसंच होतं म्हणजे कसं? वास येतो का?”

“वास येते म्हणे. खाज नाही तेवढी.”

“मग ही गोळी तिच्या कामाची नाही, बाई. तिला बुधवारी घेऊन या. पाळी चालू असली तर त्यानंतरच्या बुधवारी. आणि दुकानातून काही आणू नका म्हणावं तोवर.”

बुधवारी दोघी आल्या. सोबत तिसरी एक शेजारीणही होती.